जालन्याहून गेलेलं मनोरुग्णालय आणि आत्याच्या गोळ्या

मागच्या महिन्यात पुण्याच्या भाच्याने फोनवर विचारलं, "मावशी, आपल्या मराठवाड्यात मनोरुग्णालय कधी नव्हतंच का गं?" त्याच्या ओळखीतल्या कोणाला तरी परभणीहून थेट येरवड्याला आणावं लागलं होतं, त्यावरून विषय निघाला. मी म्हटलं, होतं की! जालन्याला होतं. तो हसायलाच लागला. त्याला वाटलं, मावशी माहेरचं कौतुक सांगतेय. फोनवर जे सांगितलं ते तुटक तुटक झालं, म्हणून आज नीट बसून लिहिते. त्यात आमच्या आत्याची गोष्ट येणार आहे. घरातल्या एकदोघांना ती इथे आलेली रुचणार नाही, हे ठाऊक आहे. पण आत्याला जाऊन आता पंचवीसहून अधिक वर्षं झाली, आणि तिची गोष्ट सोडून हा इतिहास मला सांगताच येत नाही.

तर आधी जालना. आजच्या मुलांना जालना म्हणजे स्टील आणि बियाणं. त्याआधी ते छावणीचं गाव होतं. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रजांच्या हुकुमाने चालणारी जी हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज, तिचं एक ठाणं इथे होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती फौज मोडली आणि छावणी उठली. तेव्हा जालना हा औरंगाबाद जिल्ह्यातलाच तालुका. (जिल्हा झाला तो १ मे १९८१ ला. आमच्या शाळेत त्या दिवशी नकाशे बदलायची केवढी धांदल!) तर या जालन्यात हैदराबाद संस्थानाचं मनोरुग्णालय होतं. राजधानीत वेडाचे रोगी पूर्वी तुरुंगात ठेवत, मग त्यांची रवानगी जालन्याला होऊ लागली. म्हणजे तेलंगणातला, कर्नाटकातला, मराठवाड्यातला, कुठलाही असो, संस्थानातल्या रोग्याची वाट आमच्या गावाकडे वळायची. मुंबईकर जसं चिडून "ठाण्याला पाठवा याला" म्हणतात आणि पुणेकर "येरवडा" म्हणतात, तसं माझी आजी आम्हा मुलांना "गावाबाहेर नेऊन घालीन" म्हणायची. गावाबाहेर म्हणजे कुठे, ते सगळ्यांना कळायचं.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं. पाच वर्षांनी, १९५३ मध्ये, हे रुग्णालय जालन्याहून हलवून हैदराबादेत एरागड्ड्याला नेलं. ते आजही तिथे आहे. त्या वेळी कोणाला त्यात काही वावगं वाटलं नसणार. राजधानीचं शहर, राज्य एकच, मोठे डॉक्टर तिथे. पण लगेच तीन वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, भाषावार प्रांतरचना झाली. मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि हैदराबाद आंध्र प्रदेशात गेलं. रुग्णालय गेलं ते गेलंच. वाटणीत विहीर शेजाऱ्याच्या शेतात जावी तसं झालं.

इकडे महाराष्ट्राच्या वाट्याला चार मनोरुग्णालयं आली. नागपूरचं १८६४ चं, रत्नागिरीचं १८८६ चं, ठाण्याचं १९०१ चं (नरोत्तमदास माधवदास या शेटजींच्या देणगीतून उभं राहिलेलं) आणि येरवड्याचं. वर्षानुवर्षं कागदावर मंजूर खाटा अशा: येरवडा २५४०, ठाणे १८५०, नागपूर ९४०, रत्नागिरी ३६५. बेरीज केलीत तर ५६९५ होते. त्यात मराठवाड्याच्या भूमीवर एकही नाही. नांदेडच्या, बीडच्या, हिंगोलीच्या माणसाने पुणं गाठायचं नाही तर नागपूर. आमच्याकडून तेव्हा रेल्वे मीटरगेज. जालन्याहून छोट्या गाडीने मनमाड, तिथे फलाट बदलून मोठी गाडी, मग दौंडमार्गे पुणे. रात्र रात्र झोप नसलेल्या, ओरडणाऱ्या किंवा दगडासारख्या बसलेल्या माणसाला घेऊन हा प्रवास करून बघा म्हणजे कळेल. त्यात जुना कायदा १९१२ चा. दाखल करायचं तर बहुतेकदा मॅजिस्ट्रेटचा हुकूम, मध्ये पोलीस. अब्रूदार घर ते करायला धजत नसे. त्यापेक्षा देवऋषी बरा, दर्गा बरा, मागची खोली बरी.

आता यातला योगायोग बघा. ज्या दोन वर्षांत जालन्याचं रुग्णालय हलत होतं, नेमक्या त्याच वेळी जगात वेडावरची पहिली खरी औषधं आली. १९५२ मध्ये पॅरिसला डिले आणि डेनिकर या दोघांनी क्लोरप्रोमाझीन मनोरुग्णांना देऊन बघितलं. हेच पुढे आपल्याकडे 'लार्गॅक्टिल' नावाने आलं. आणि त्याच १९५२ साली स्वित्झर्लंडच्या बाझल गावात सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी रिसर्पिन वेगळं काढलं. कशातून? तर आपल्या सर्पगंधेच्या मुळीतून!

सर्पगंधेवर जरा थांबते, कारण शाळेत मी हा भाग इतिहासाच्या तासाला आगाऊपणे घुसडत असे (अभ्यासक्रमात नव्हता). ही मुळी आपल्याकडे वैद्यांना शतकानुशतकं ठाऊक. बिहारकडे तिला सरळ 'पागल की दवा' म्हणत. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती वेडावर आणि रक्तदाबावर चालते असं वैद्यकीय मासिकात लिहिलं. त्याच सुमारास दिल्लीत सिद्दिकी बंधूंनी तिच्यातली द्रव्यं वेगळी काढली आणि एकाला हकीम अजमलखानांच्या नावावरून 'अजमलीन' नाव दिलं. १९३४ मध्ये हिमालया कंपनीने तिची 'सर्पिना' ही गोळी बाजारात आणली. पण जगाने दखल घेतली ती १९४९ मध्ये, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रोग्यांवरचे अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापल्यावर. पुढे न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी तिथल्या मनोरुग्णांना ती दिली, १९५४ मध्ये तिचे निष्कर्ष मांडले. १९५७ चा लास्कर पुरस्कार वकील आणि क्लाइन दोघांनाही मिळाला. मुळी आपली, वैद्य आपले, मुंबईचा डॉक्टर आपला, आणि आमच्या गल्लीतल्या रोग्याला मिळाली ती फ्रान्समधली गोळी. कारण रिसर्पिन लवकरच मागे पडलं. रक्तदाब फार उतरायचा, आणि काही रोगी इतके खिन्न व्हायचे की जिवावर उठायचे. या खिन्नतेचं कारण शोधता शोधताच मेंदूतल्या रसायनांचा आणि उदासीचा संबंध शास्त्रज्ञांच्या ध्यानात येऊ लागला, तो भाग वेगळा.

बाहेर रुग्णालयं हजारो खाटांची होती, त्यांना गोळीने हळूहळू मोकळं केलं. आमच्याकडे उलटं. खाट आधीच गेलेली, आणि गोळी आली. म्हणून मराठवाड्यात घर हेच रुग्णालय झालं आणि गोळी देणारी बाई हीच परिचारिका. औरंगाबादला १९५६ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालं (आपली घाटी), त्याने पुढे खूप आधार दिला. पण रोजची गोळी स्वयंपाकघरातून जायची. तिथे काय चालायचं, हे कुठल्या अहवालात येत नाही, म्हणून सांगते.

माझी आत्या. वडिलांची धाकटी बहीण. लग्न होऊन दोन वर्षांत परत आली. सासरच्यांनी "डोकं फिरलं" म्हणून आणून सोडलं. (१९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात वेड हे घटस्फोटाचं कारण होतंच, पण तिच्या बाबतीत कोर्टाची पायरी कोणी चढलंच नाही. टांग्यातून पेटी उतरवली, झालं.) तिचं दुखणं पाळीपाळीने यायचं. महिना महिना झोप नाही, पहाटे तीनला अंगण सारवायची, घरातली भांडी मोलकरणीला वाटून टाकायची, गाणी म्हणायची. आणि मग चारचार महिने भिंतीकडे तोंड. हे लिहिताना मला दिसतं की तिच्या दुखण्याला नेमकं नाव होतं, आणि नेमकं औषधही, पण ते तिच्यापर्यंत पोचायला पंधरा-सोळा वर्षं लागली.

१९६४ च्या सुमाराला, मी चौदाएक वर्षांची असताना, शहरातल्या एका डॉक्टरांनी तिला लार्गॅक्टिल सुरू केलं. त्याने ती शांत झाली. खरंच झाली, ते नाकारण्यात अर्थ नाही. पहिल्यांदा घर रात्रभर झोपलं. पण ती चालायची ती पाय फरफटत, तोंडातून लाळ, आणि उन्हात बसली की कातडी काळी पडायची. ती गोळी घ्यायला नाही म्हणू लागली. तेव्हा आजीने गोळी कुटून वरणात घालायला सुरुवात केली. आता ही गोळी कडू तर असतेच, पण कुटलेली जिभेला लागली की जीभ बधिर होते. म्हणजे लपवणं शक्यच नव्हतं. आत्या दोन घास खाऊन ताट सरकवायची आणि गप्प बसायची. सगळ्यांना वाटायचं, वेडीला काय कळतंय.

पुढचं लिहावं की नाही, असं वाटत होतं. पण मी आता सत्तरी ओलांडलेली बाई आहे, आणि हे बायकांनीच लिहिलं पाहिजे. पाचसहा महिन्यांनी आत्याची पाळी बंद झाली आणि छातीतून दूध येऊ लागलं. टाकलेली बाई, माहेरी राहणारी. घरावर काय गुदरलं असेल, विचार करा. आजीने तिला कोंडून, हात धरून, कोण कोण म्हणून विचारलं. एका सुईणीला बोलावून तपासून घेतलं. गरोदर नव्हतीच. पण ते सिद्ध व्हायला जे आठ दिवस गेले, त्या आठ दिवसांत आत्या एक शब्द बोलली नाही.

हे गोळीचं काम होतं. ही औषधं मेंदूत डोपामिनला अडवतात. डोपामिनचा एक धंदा म्हणजे प्रोलॅक्टिन नावाच्या दुधाच्या हॉर्मोनला लगाम घालणं. लगाम सुटला की प्रोलॅक्टिन वाढतं, पाळी थांबते, दूध येतं. ही औषधं घेणाऱ्या बायकांत असं होतं हे डॉक्टरांच्या नजरेला पन्नासच्या दशकातच आलं होतं. पण माणसातलं प्रोलॅक्टिन हे स्वतंत्र हॉर्मोन आहे हेच १९७० च्या सुमाराला नक्की झालं. जालन्याच्या माजघरात १९६४ ला ते कोणाला कळणार? पण "असं होऊ शकतं, घाबरू नका" एवढं एक वाक्य औषधाबरोबर सांगता आलं असतं. ते सांगितलं गेलं नाही, आणि आत्याला तर कोणी काहीच सांगत नव्हतं. आजीने गोळ्या चुलीत टाकल्या. तीन आठवड्यांनी आत्या पहाटे अंगण सारवायला लागली.

तुम्हाला वाटेल, ही जुनी गोष्ट. नाही. १९९४ मध्ये, म्हणजे परवापरवाच, शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या काही मुलींची (तेव्हा मतिमंद म्हणत) गर्भाशयं पुण्याच्या ससूनमध्ये शस्त्रक्रियेने काढली. कारण काय, तर पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही. स्त्रीसंघटनांनी आवाज उठवला तेव्हा ते थांबलं. वर्तमानपत्रात दोन्ही बाजूंनी पत्रं आली होती, आणि आमच्या शिक्षकखोलीत तर दोन तट पडले. "घरी अशी मुलगी असती म्हणजे कळलं असतं," असं एक बाई तावातावाने म्हणाल्या. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. सांभाळणाऱ्याचे हाल मी घरात पाहिलेत. पण त्या सगळ्या वादात त्या मुलींपैकी एकीला कोणी विचारलं का, हा प्रश्न तेव्हाही मला पडला होता.

आता ते नेमकं औषध. मघाशी १९४९ साल आलं, वकिलांचं. त्या एकाच वर्षात काय काय झालं बघा. ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी दहा उन्मादी रोग्यांना लिथियम नावाचा साधा क्षार देऊन गुण आल्याचं छापलं. लंडनच्या रिचर्ड अॅशर यांनी चौदा रोग्यांची हकीकत दिली, ज्यांचं वेड हे थायरॉइड ग्रंथी मंदावल्यामुळे होतं, म्हणजे हॉर्मोन दिलं की बरेचसे सुधारले. आणि त्याच वर्षी नोबेल मिळालं ते पोर्तुगालच्या मोनिझना, मेंदूत भोक पाडून तंतू कापायच्या शस्त्रक्रियेसाठी! तीन दारं एकदम उघडी होती, आणि जगाने हार घातला तो तिसऱ्याला. लिथियम तर इतकं स्वस्त की कोणाला त्याचं पेटंट घेता येईना, त्यामुळे त्याचा गाजावाजा करणारंही कोणी नव्हतं.

आत्यापर्यंत लिथियम पोचलं ते १९८० च्या आसपास. तोवर मी औरंगाबादला नोकरीत होते आणि ती माझ्याकडे राहायला आली होती. नवे डॉक्टर तरुण होते. त्यांनी मला बाहेर बसवलं आणि आधी तिच्याशी अर्धा तास बोलले. असं त्याआधी कधी झालं नव्हतं. मग तिला सांगितलं, हे घेताना रक्त तपासावं लागतं, कारण थोडं कमी झालं तर उपयोग नाही आणि थोडं जास्त झालं तर विष. पाणी भरपूर प्यायचं, मीठ एकदम तोडायचं नाही, जुलाब झाले की लगेच कळवायचं. हात थोडे कापतील. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच म्हणाली, "घेते की. मी काय नाही म्हणायले का? पण मला सांगून द्या. वरणात नका घालू." मी खाली बघत बसले. तिला सोळा वर्षं सगळं ठाऊक होतं.

ती गोळी तिने शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने घेतली. चारपाच वर्षांनी ती सुस्त झाली, आवाज घोगरा, थंडी सोसेना. मला वाटलं भिंतीकडे तोंड करायचा काळ परत आला. तपासणीत थायरॉइड मंदावलेली निघाली. लिथियमने ते होतं. मग सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी, रात्री लिथियम. "एका गोळीने दुसरीला बोलावलं," असं ती हसत म्हणायची. लिथियम बंद करून दुसरं काही बघायचं का, असं डॉक्टरांनी विचारलं होतं. तिने नको सांगितलं. अंगाला जडपणा चालेल म्हणाली, पण ती पहाट नको. हा तिचा निर्णय होता, आणि मला वाटतं तिच्या आयुष्यातला तिने घेतलेला पहिलाच मोठा निर्णय. १९९८ मध्ये ती गेली, ती हृदयविकाराने.

कायद्याचं थोडं सांगते, कारण ते आपल्या सगळ्यांच्या कामाचं आहे. १९१२ चा कायदा जाऊन १९८७ चा आला, तो लागू झाला १९९३ ला. मग २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, २९ मे २०१८ पासून लागू. त्याच्या ९५ व्या कलमात बंदी आहे ती कशाकशावर बघा: भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता विजेचे झटके, वेडावर उपाय म्हणून नसबंदी, आणि साखळीने बांधणं. (२००१ मध्ये तमिळनाडूत एरवाडीला झोपडीला आग लागली आणि साखळीने बांधलेले पंचवीसहून अधिक रोगी जळून गेले, ते आठवत असेल.) झटक्यांवर सरसकट बंदी नाही, हे मात्र नीट समजून घ्या. भूल देऊन दिले तर काही रोग्यांना ते फार उपयोगी पडतात, आणि सिनेमांनी त्यांची नाहक बदनामी केली आहे.

आणि पाचवं कलम. सज्ञान माणूस चांगल्या मनःस्थितीत असताना लिहून ठेवू शकतो की उद्या मला असा आजार झाला तर मला हे उपचार द्या, हे देऊ नका. आणि आपल्या वतीने बोलणारा माणूसही नेमू शकतो. दवाखान्याने ते पाळायचं. नातेवाइकांना पटत नसेल तर त्यांनी मंडळाकडे दाद मागायची, परस्पर वरणात घालायचं नाही. हे मी सकाळच्या फिरण्याच्या गटात सांगितलं तेव्हा एक जण म्हणाले, "बाई, आपल्याला कशाला, आपण काय वेडे आहोत?" मी म्हटलं, म्हणूनच तर आत्ता लिहायचं! माझा कागद मी लिहिलाय. लेकीला वाचायला दिला तर ती रडायला लागली, मग दोघींनी चहा घेतला आणि तिने सही केली.

घरात असं कोणी असेल तर दोन गोष्टी हाताशी ठेवा. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी फोन, २०२२ पासून सुरू आहे, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. आणि 'देवराई' हा सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा २००४ चा सिनेमा पाहिला नसेल तर पाहा. त्यामागे कॅनडात राहणारे आपले धुळ्याकडचे डॉ. जगन्नाथ वाणी होते. पत्नीचा स्किझोफ्रेनिया त्यांनी परदेशात वर्षानुवर्षं सांभाळला, आणि अशा कुटुंबांसाठी पुण्यात संस्था काढली. तो सिनेमा बघताना अतुल कुलकर्णींपेक्षा मी त्यातल्या बहिणीकडेच बघत होते.

असो. अलीकडे शासनाने जालन्यात ३६५ खाटांच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाला मंजुरी दिली आहे. सत्तर वर्षांनी गावाला परत मिळतंय. तुमच्यापैकी ज्यांच्या घरातलं कोणी पूर्वी जालन्याच्या त्या जुन्या रुग्णालयात होतं, किंवा तिथून एरागड्ड्याला नेलं गेलं, त्यांनी मला जरूर कळवा. नाव लिहिणार नाही. पण ते माणूस कोण होतं, काय म्हणायचं, हे कुठेतरी नोंदलेलं असावं असं वाटतं.